एकवीसचा डाव

मधलीला सहसा कशाची किळस येत नसे. धंदाच तसा होता. ती दातांच्या कवळ्या बनवायची. दवाखान्यांतून लोकांच्या तोंडांचे ठसे यायचे. गुलाबी, चिकट, कधी रक्ताचा डाग लागलेले, कधी कुणाच्या जेवणाचा कण अडकलेले. ते ती धुवायची, त्यात प्लास्टर ओतायची आणि तयार झालेल्या बोडक्या हिरड्यांवर मेणात एकेक दात बसवत जायची. नव्याने कामाला लागलेल्या पोरी सुरुवातीला नाकाला रुमाल लावून बसत. मधली त्यांच्या शेजारीच डबा उघडून निवांत जेवायची. "माणसाचं तोंडच आहे गं, गटार नाही," म्हणायची. अशा बाईला आपल्याच रक्ताच्या माणसांची शिसारी येईल, आणि तीही भर दुपारी, स्वतःच्या घराच्या बैठकीच्या खोलीत, असं कुणी आधी सांगितलं असतं तर तिने हसून सोडून दिलं असतं.

भावंडं तीन. थोरला ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा, धाकट्याचं औषधांचं दुकान होतं आणि दोघांच्या मधे ही. वडील शाळेत खेळाचे शिक्षक होते. सगळी वस्ती त्यांना 'सर' म्हणायची, म्हणून पोरंही सरच म्हणू लागली आणि त्यांनी कधी दुरुस्त केलं नाही. 'बाबा' हा शब्द त्या घरात कुणाच्या तोंडात बसलाच नाही.

सरांनी बैठकीच्या खोलीत टेबल टेनिसचं टेबल मांडलं होतं. ते आत आल्यावर सोफा बाहेर गेला, कपाट पॅसेजमध्ये गेलं आणि पाहुणे यायचे हळूहळू बंद झाले. जाळी काढली की त्याच टेबलावर जेवणं व्हायची. पांढऱ्या रेघेच्या अलीकडे थोरला, पलीकडे धाकटा. दोघांच्या ताटांत उन्नीस-बीस होऊ नये म्हणून आईचा वाढता वाढता जीव मेटाकुटीला यायचा. जेवणं उरकली की ती टेबल पुसायची आणि सर जाळी बांधायचे.

नियम सरांचा. हरलेल्याने जिंकलेल्याचे मोजे धुवायचे. मशीनमध्ये नाही, हाताने, न्हाणीघरात उकिडवं बसून. "हरण्याचा वास नाकात बसला पाहिजे, मग माणूस जिंकायला शिकतो," असं सर सांगायचे आणि शाळेतले बाकीचे शिक्षक माना डोलवायचे. मग जिंकणारा मुद्दाम तेच मोजे चार-चार दिवस घालायचा. एकदा थोरल्याने पावसाच्या डबक्यात उभं राहून मोजे भिजवले, बुटांत तसेच कोंडून ठेवले आणि डाव जिंकल्यावर धाकट्याच्या मांडीवर आणून टाकले. धाकटा ते धुता धुता तिथेच ओकला. सर दारात उभे होते. म्हणाले, "तेही धू."

मधलीच्या हाती बॅट कधी दिली गेली नाही. तिला जाळीच्या बाजूला उंच स्टुलावर बसवलं आणि गुण मोजायला लावलं. 'पंचबाई' हे नाव तेव्हाच पडलं. तिला त्याचा आनंदच होता. मोजे धुवायला लागत नाहीत, ही काही लहान गोष्ट नव्हती.

पुढे सगळ्यांचं जसं होतं तसं झालं. पोरांची लग्नं झाली, बिऱ्हाडं थाटली गेली. खेळ थांबला पण हाडवैर गेलं नाही, नुसती मैदानं बदलली. थोरल्याने गाडी घेतली की महिन्याभरात धाकट्याच्या दारात तिच्यापेक्षा वीतभर लांब गाडी उभी. धाकट्याच्या मुलीला शाळेत बक्षीस मिळालं की थोरल्याच्या मुलाला त्या दिवशी विनाकारण बोलणी बसत. आई गेली तेव्हा खांदा कोण पुढून देणार यावरूनही दोघांत धुसफूस झाली होती. मधलीने लग्न केलं नव्हतं. आईच्या माघारी ती सरांजवळ येऊन राहिली. पुढे सरांना झटका आला, डावा पाय लुळा पडला. तेव्हापासून त्यांना उचलून बसवणं, न्हाऊ घालणं, कुशीवर वळवणं हे सारं तिनेच केलं. नजरही अधू होत गेली. कान मात्र मांजरासारखे तिखट राहिले.

अशी वर्षं गेली आणि एका सकाळी सरांना पलंगावरून उठवताना मधलीच्या कंबरेत अशी कळ गेली, की सर राहिले बाजूला आणि तीच गुडघ्यांवर बसली. डॉक्टरने मणक्याचा फोटो उजेडासमोर धरला आणि सांगितलं, "बाई, यापुढे पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. माणूस तर लांबच राहिला."

म्हणून त्या रविवारी तिने दोघा भावांना बोलावून घेतलं.

दोघे आले ते बायकांना घरी ठेवून. बाहेर बैठकीच्या खोलीत सर आपल्या चाकांच्या खुर्चीत खिडकीपाशी बसले होते. ही तिघं आत स्वयंपाकघरात. मधलीने चहा टाकला आणि सरळ विषयाला हात घातला. "सरांना आता कुणीतरी न्यायला हवं. मला झेपत नाही."

थोरल्याने बशीत चहा ओतला. "माझं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. तुला माहीत आहे."

"दादा, तुझ्याकडे गाडी शिकवणारी चार धट्टीकट्टी माणसं आहेत," धाकटा म्हणाला. "खुर्चीसकट उचलतील."

"आणि तुझं घर तर तळमजल्यावर आहे."

"घरात जागा कुठाय? पोरीची दहावी आहे."

"मागच्या वर्षी तुझ्या सासूबाई तीन महिने येऊन राहिल्या होत्या तेव्हा बरी जागा झाली."

"त्या स्वतःच्या पायांनी संडासात जात होत्या!"

हे धाकटा जरा मोठ्याने बोलला. मधलीने दाराकडे पाहिलं. बाहेर सर शांत होते. ती दबक्या आवाजात म्हणाली, "हळू बोला रे. त्यांना ऐकू जातं."

मग अर्धा तास नुसती टोलवाटोलवी झाली. याने म्हणावं तुझी बायको घरीच असते, त्याने म्हणावं तुझीला काय काम असतं. याला रक्तदाब, तर त्याला साखर. दोघांनी आपापली दुखणी भाजीवालीसारखी ओट्यावर मांडली. मधली ऐकत होती. तिला वाटत होतं, या भांड्याला भांडं लागण्यातून शेवटी कुणीतरी शरमेने म्हणेल, बरं, मी नेतो.

तेवढ्यात धाकटा हसला. "खेळून ठरवायचं का?"

"काय?"

"एक डाव. एकवीसचा. जो हरेल त्याने सरांना न्यायचं."

थोरल्याने बशी खाली ठेवली. मधलीला वाटलं, आता हा याच्या कानाखाली आवाज काढणार. पण थोरल्याच्या डोळ्यांत काहीतरी लकाकलं. कॉलेजात असताना तो खेळायला उभा राहिला की असंच दिसायचं. "मग मागे फिरायचं नाही," तो म्हणाला.

"तू फिरतोस की मी, बघूच."

"अरे, तुम्हाला काही वाटतं का?" मधली म्हणाली. "बापाला डावावर लावताय?"

"मग तू सांग दुसरा उपाय, पंचबाई," थोरला म्हणाला आणि उठलासुद्धा.

टेबलावर सरांची औषधं, जुनी वर्तमानपत्रं, धुतलेल्या चादरींच्या घड्या असा पसारा होता. दोघांनी मिळून तो भराभर उचलला. कितीतरी वर्षांत या दोघांनी एकत्र केलेलं हे पहिलं काम, हे मधलीच्या लक्षात आलं. जाळी कपाटाच्या वरून निघाली. बॅटींचं रबर कडक झालं होतं, पण चालण्यासारखं होतं.

आवाजावरून सरांनी ओळखलं. त्यांची मान वर झाली. "जाळी बांधताय? कोण खेळतंय?"

"आम्ही दोघं, सर," धाकटा म्हणाला.

सरांचा चेहरा असा उजळला, की मधलीला तिकडे बघवेना. ओठांच्या लुळ्या कोपऱ्यातून लाळ आली ती त्यांनी बाहीला पुसली. "मला पुढे घ्या. जाळीच्या समोर. आणि पंचबाई कुठे आहे? पंचबाई, जागेवर!"

तिने नाही म्हणायला हवं होतं. हे तिला तेव्हाही कळत होतं. पण त्या आवाजाला हो म्हणायची सवय हाडांत मुरलेली, आणि बऱ्याच दिवसांनी म्हातारा खुशीत आलेला. ती कंबर सांभाळत स्टुलावर जाऊन बसली.

डाव सुरू झाला. पहिल्यांदा दोघेही जरा लाजल्यासारखे खेळले. चेंडू जाळीत जात होते, पोटं आडवी येत होती. थोरल्याची विजार खाली सरकायची, धाकट्याला दोन फटक्यांत दम लागायचा. पण दहा गुण होईस्तोवर दोघांचा जुना हात मोकळा झाला. मग जे सुरू झालं ते खेळ म्हणावं असं नव्हतं. धाकटा सर्व्हिस टाकताना चेंडू मुद्दाम शरीराआड लपवू लागला. थोरला घामाने निथळणारा पंजा टेबलावर, बरोबर धाकट्याचा चेंडू पडणार त्या जागी पुसून ठेवू लागला. ती ओली, फेसाळ पंजाची छाप जेवणाच्या टेबलावर सुकेपर्यंत मधलीला दिसत राहायची. एकाचा गुण गेला की दुसरा तोंडातल्या तोंडात शिवी हासडायचा. आणि मधे खुर्चीत बसलेला म्हातारा, ज्याला घरी न्यावं लागू नये म्हणून हे चाललं होतं, तो नुसत्या आवाजावरून दोघांनाही जीव तोडून शिकवत होता.

"थोरल्या, गुडघ्यात वाक! आखूड टाक, आखूड! धाकट्या, त्याची बॅकहँड कच्ची आहे, तिकडे मार! शाब्बास! असं खेळतात!"

"सतरा-अठरा," मधली म्हणाली. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्या कुणाचा वाटला.

थोरल्याच्या शर्टाला पाठीवर घामाचा मोठा डाग पडला होता. धाकट्याच्या नाकाच्या शेंड्यावरून थेंब टेबलावर पडत होते. खोलीत कोंदट, आंबूस वास भरला. मधलीला मळमळू लागलं. वास काही तेवढा वाईट नव्हता. तिला मळमळत होतं ते चेहऱ्यांनी. पन्नाशीला टेकलेले दोन बाप्ये, घरी पोरंबाळं असलेले, दात-ओठ खाऊन झटत होते ते कशासाठी, तर बाप दुसऱ्याच्या गळ्यात पडावा म्हणून. आणि त्यांना मजा येत होती. तिला सगळ्यात घाण वाटलं ते हेच. नाइलाज म्हणून खेळले असते तर तिने समजून घेतलं असतं. दोघे खुलले होते.

धाकट्याचे वीस झाले, थोरल्याचे एकोणीस. सर्व्हिस थोरल्याची. त्याने लांब टाकली. धाकट्याने सगळ्या अंगाचा भार घालून ती सणसणून मारली. चेंडू थोरल्याच्या बाजूच्या टोकाला गेला, कडेला पुसटसा चाटला आणि वाकडा होऊन खाली कोसळला.

"बाहेर!" थोरला ओरडला.

"कड लागली! डोळे फुटले का?"

"बाहेर गेला! वीस-वीस!"

"कड," सर म्हणाले. दोघे थांबले. सरांनी बोट वर केलं होतं. "टेबलावर पडलेल्या चेंडूचा आवाज वेगळा, कडेचा वेगळा. मी ऐकला. एकवीस-एकोणीस. धाकट्या, जिंकलास! ये इकडे, पाठ थोपटू दे तुझी."

धाकटा जागचा हलला नाही. थोरल्याने बॅट टेबलावर आपटली. रागाने त्याचे कान लाल झाले होते. "हो, जिंकला तो. म्हणजे आता तुम्ही माझ्याकडे."

"म्हणजे?"

"हरणाऱ्याने तुम्हाला न्यायचं असं ठरलं होतं. त्यासाठी खेळलो. तुम्हीच दिलात ना गुण? झालं मग!"

बोलून गेल्यावर त्यालाही ते ऐकू आलं असावं, कारण त्याने घाईने मान वळवली. धाकट्याने खाली बघत बुटाच्या टोकाने चेंडू उगाच इकडेतिकडे केला. मधलीने स्टुलाची कड घट्ट धरली. आता सर काय बोलतील? शिव्या देतील, रडतील, की मला कुणाकडेच जायचं नाही म्हणतील? यातलं काहीही झालं असतं तर ती खुर्चीजवळ गेली असती आणि कंबर मोडली तर मोडली, म्हाताऱ्याला आपल्याजवळच ठेवून घेतलं असतं.

 सरांच्या पापण्या फडफडल्या. मग त्यांनी थोरल्याच्या दिशेने मान वळवली.

"मग शेवटची सर्व्हिस लांब का टाकलीस?"

"काय?"

"एवढं पणाला लागलेलं असताना माणूस आखूड टाकतो. जाळीला धरून. त्याला फोरहँडला चेंडू दिलास तू. गाढव! हजारदा सांगितलंय."

 मधलीने तोंडावर हात दाबला. इतकी वर्षं या माणसाचं तिने सगळं काढलं होतं, मल, मूत्र, कफ, सगळं. नाकाला पदर लावला नव्हता. आणि आज त्याच्या तोंडून निघालेल्या या साध्या वाक्याने तिला शिसारी आली. आपल्याला उकिरड्यावर टाकायला निघालेल्या पोराला हा माणूस नीट टाकायचं कसं ते शिकवत होता.

तेवढ्यात खुर्चीखाली थेंब पडल्याचा आवाज आला. आधी एक-दोन, मग धार. सरांची विजार भिजली. ओहळ फरशीवरून टेबलाच्या पायाकडे निघाला.  सरांनी डोळे मिटून घेतले.

दोघे भाऊ एकदम मागे सरले. अगदी एका तालात.

"जा," धाकटा थोरल्याला म्हणाला. "निकाल लागलाय. आता तुझं."

"कसला निकाल? पंचाने गुण दिलेला नाही. त्यांना दिसत नाही, त्यांचं काय धरतोस?" थोरला मधलीकडे वळला. "पंचबाई, बोल. कड होती की नव्हती?"

"हो ताई, तू समोर होतीस. सांग याला."

ओहळ टेबलाच्या पायाला वळसा घालून पुढे सरकला. धाकट्याने आपला बूट उचलून बाजूला घेतला. मधलीने कड पाहिली होती. चेंडू चाटून गेला होता, शंकाच नव्हती. पण तिला वाटलं, आपण तोंड उघडलं तर शब्दाऐवजी भलतंच काही बाहेर पडेल.

"बोल ना!"

"बाप ओला बसलाय," ती म्हणाली. "आणि तुम्ही मला कड विचारताय?"

"तसं नाही गं, पण एकदा ठरलं की..."

"मी काही ठरवणार नाही. मला वाकता येत नाही, उचलता येत नाही. त्यांना उठवा, धुवा, कोरडे कपडे घाला. दोघांनी मिळून करा नाहीतर एकाने. मी या स्टुलावरून हलणार नाही. संध्याकाळपर्यंत बसून राहायचं असेल तर तसे बसू सगळे. शी! लाज नाही तुम्हाला."

हा 'शी' तिच्या तोंडून असा निघाला, की दोघे चपापले. तिने उभ्या जन्मात तो शब्द वापरलेला कुणी ऐकला नव्हता.

शेवटी थोरला पुढे झाला. नाक मुरडून, मान फिरवून त्याने सरांच्या काखेत हात घातला आणि ओढायला लागला. सर कण्हले.

"असं ओढतात का?" धाकटा म्हणाला. "खांदा निखळेल. बाजूला हो."

"तुला येतं?"

"तुझ्यापेक्षा बरं येतं. दुकानात रोज बघतो मी अशी माणसं."

"बघतोस. करतोस का? पाय धर, पाय!"

दोघांनी त्यांना न्हाणीघरात नेलं. मधली स्टुलावरच बसून होती. आतून आवाज येत होते. पाणी गार आहे, आधी हातावर घालून बघ. साबण डोळ्यांत जातोय, येडा आहेस का? टॉवेल असा टिपायचा असतो, घासायचा नाही, कातडी पातळ असते म्हाताऱ्यांची. तुला फार माहीत! माहीतच आहे! मधेच सरांचा आवाज, "हळू रे... हां, हा हात कुणाचा? थोरल्याचा? बरा आहे." आणि लगेच धाकट्याचा, "सर, आता बघा, मी घालतो पाणी."

मधलीच्या लक्षात आलं. हे दोघे बापाला आंघोळ घालत नव्हते. पुढचा डाव सुरू झाला होता.

आणि तो थांबलाच नाही. कडेचा वाद न मिटल्यामुळे असं ठरलं, की सर एक महिना थोरल्याकडे, एक महिना धाकट्याकडे. मधलीने सरांचे कपडे भरून दिले. थोरल्याने चौघांकरवी खुर्ची तिसऱ्या मजल्यावर चढवली आणि पहिल्याच आठवड्यात सरांसाठी हवेची गादी आणली, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. धाकट्याने पाळी आल्यावर ती गादी पाहिली आणि बटणावर डोकं वर-खाली होणारा पलंगच आणला. थोरल्याने सकाळ-संध्याकाळ मालिशवाला लावला. धाकट्याने डोळ्यांचं ऑपरेशन करवलं. सरांची दाढी गुळगुळीत, नखं कापलेली, अंगाला मंद सुगंध. गाल वर आले. पूर्वी शिकवलेले विद्यार्थी भेटायला येत आणि जाताना डोळे पुसत. "मुलं असावीत तर अशी," म्हणत. "नाहीतर आजकाल कोण विचारतं हो!"

मधलीच्या कामाच्या ठिकाणीही ही कीर्ती पोचली. शेजारी बसणारी मेणकाम करणारी बाई म्हणाली, "तुझ्या भावांनी अगदी नाव काढलं गं. वडिलांना नुसतं फुलासारखं ठेवलंय." मधली कवळीला पॉलिश करत होती. ती हूं म्हणाली. तिला काय सांगणार? चांगलंच तर झालं होतं. म्हातारा आपल्याजवळ होता त्यापेक्षा धड होता, हे तिला नाकारता येत नव्हतं, आणि म्हणूनच तो तिटकारा कुठे ओकून टाकताही येत नव्हता. रात्रंदिवस एकीने केलं तेव्हा कुणाला दिसलं नाही, हेही सल म्हणून होतंच. पण तो तिने कधीच गिळला होता. हे त्यापलीकडचं होतं. दोघांचे फोन यायचे. "पंचबाई, तू बघून आलीस ना? खरं सांग, कुठे जास्त बरे दिसतात?" ती फोन ठेवून द्यायची.

सर धाकट्याकडे असताना एका दुपारी ती त्यांना भेटायला गेली. सर त्या वर-खाली होणाऱ्या पलंगावर रेलून बसले होते. ऑपरेशननंतर आता त्यांना दिसत होतं. तिला पाहून म्हणाले, "ये पंचबाई. तू वाळलीस." मग दाराकडे बघत, आवाज खाली आणून, खोड्या काढणाऱ्या पोरासारखे बोलू लागले. "एक गंमत सांगू? मी याला सांगितलं, थोरल्याकडे सूप गारढोण मिळतं. दुसऱ्या दिवसापासून हा स्वतः उकळतं सूप घेऊन येतो. फुंकर घालून पाजतो."

"दादाकडे गार मिळतं?"

"छे! चांगलं वाफाळतं असतं. पण तिथे गेल्यावर सांगणार आहे, धाकटा पाजताना गोष्टी सांगतो."

ते हसले. नुकत्याच दाढी केलेल्या गुळगुळीत गालांवर सुरकुत्या पसरल्या. मधली बघत राहिली. तिला विचारायचं नव्हतं, पण विचारलं गेलंच.

"सर, त्या दिवशी तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

हसू ओसरलं. त्यांनी पांघरुणाची कड चिमटीत धरली. "वाटलं."

"मग?"

"मग काय? रडत बसू? तुला काय वाटतं, हे दोघं मायेने करणार होते माझं? ते मी शिकवलंच नव्हतं त्यांना. शिकवलं होतं ते एवढंच. त्याच्यावर जगतोय." त्यांनी हात पुढे केला. "तुझ्याएवढं कुणाला जमत नाही हं. तुझा हात हलका."

तिला क्षणभर बरं वाटलं. अगदी एक क्षण, छातीत ऊब आल्यासारखं. आणि मग तिला कळलं, की हेच तो थोरल्यालाही सांगत असणार, धाकट्यालाही सांगत असणार, आणि आता ती स्टुलावरून उतरल्यावर तिलाही बॅट देऊ बघत होता. तिने त्या हाताकडे पाहिलं. स्वच्छ, पांढरा, नखं गोल कापलेला हात. इतक्या वर्षांत तो तिने हजार वेळा धरला होता. आज तिला बोट लावावंसं वाटेना. तिने पांघरूण नीट केलं आणि उठली.

बाहेरच्या खोलीत धाकटा वाटच बघत होता. ऐन दुपारी दुकान सोडून आला होता. डोळ्यांत तीच जुनी भूक. "काय म्हणाले गं? दादाकडचं काही बोलले?"

तिला वाटलं, निदान खरं तरी सांगावं. खऱ्याने हा बनाव मोडेल. "म्हणाले, दादाकडे सूप चांगलं वाफाळतं मिळतं. गार असतं असं तुला सांगितलं ते उगाच."

धाकट्याचा चेहरा पडला. खोटं बोलल्याचा राग त्याच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हता. एक गुण गमावल्यासारखा तो नुसता उभा राहिला. मग त्याने ओठ घट्ट मिटले, आत बायकोला हाक मारली आणि विचारलं, "अगं, तो झाकणवाला थर्मास कुठाय?"

मधलीने चपला घातल्या. ती फाटकापर्यंत पोचली तोच मागून खिडकीतून त्याचा आवाज आला. लहानपणी डाव हरल्यावर यायचा तसाच, रडवेला आणि हट्टी. "सर, आपल्याकडचं सूप कधी गार होतं का हो? खरं सांगा."

सरांचं उत्तर कानावर पडू नये म्हणून ती कंबरेची पर्वा न करता भराभर चालू लागली.